एप्रिलमधला हीटर

लाईट काय आता लवकर येत न्हाई. मुदखेडात एकदा गेली की स्टेशन तेवढं उजेडात, बाकी सगळा अंधार. बसा इथंच गच्चीवर, वारा तरी हाय. पंचशीला, मोबाईलची बत्ती बंद कर बाई. तोंडावर उजेड पडला की मला सांगता येत न्हाई.

भुताची सांगा म्हणता. आपल्या घरात भूतबित कुणी मानत न्हाई. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच घरातले लिंबू, बिब्बे, उतारे सगळे बंद. मीबी मानत न्हाई. म्हणून मी याला भूत म्हणणार न्हाई. जे झालं ते सांगतो, नाव तुम्ही काय द्यायचं ते द्या.

पंढरी तुम्हाला ठाऊक हाय. माझा साडू. तुमच्या मामीची धाकटी बहीण त्याला दिलेली. लातूर–उदगीर रस्त्याला एका फाट्यावर त्याचं दुकान होतं, गाड्यांच्या वायरिंगचं. पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्यांचं घर. माणूस कमी बोलायचा, पण हात असा की आंधळ्या अंधारात तार नुसती चाचपून सांगायचा, ही हॉर्नची, ही लाईटची. मी एकतीस वर्षं नांदेडच्या एसटी वर्कशॉपात तारांतच घालवली, म्हणून त्यानं हे मला सांगितलं. बायकोलासुद्धा सगळं सांगितलं न्हाई.

दोन हजार सोळा साल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साल. टाक्यांवर पोलीस बसवलेले. खेड्यात बोअरला आठशे फुटावर नुसता फुफाटा लागायचा. आन् त्याच साली उदगीर नवा जिल्हा होणार अशी हवा होती. गाड्यांच्या मागच्या काचांवर स्टिकर, 'नवा जिल्हा झालाच पाहिजे.' प्यायला पाणी न्हाई, पण जिल्ह्याची मिरवणूक रोज.

त्या मिरवणुकीत पुढं असायचा शेषेराव. टँकरवाला. सरकारी टँकरचं काम त्याच्याकडं. पाच-सहा गावांचं पाणी त्याच्या हातात. पांढरे कपडे, पांढरी जीप, आन् ड्रायव्हर नरसिंग.

शनिवार, सोळा एप्रिल. दुपारी चारचा सुमार. नरसिंग ती पांढरी जीप घेऊन पंढरीच्या दुकानात आला.

"एसीचा पंखा बंद पडलाय. मालकाला सांजच्याला उदगीरला मिटिंग हाय. लगेच करून दे."

साधं काम. पंढरीनं डाव्या बाजूचा कप्पा काढला, डोकं खाली, पाय सीटवर, तसा आत शिरला. पंख्याच्या तारा जिथं एकमेकीत अडकतात, त्या प्लास्टिकच्या जोडाला आम्ही कपलर म्हणतो. तो कपलर वितळलेला. वितळलेला म्हंजे किती, तर पार गूळ झालेला. पितळी पिना आतल्या आत चिकटून काळ्या पडलेल्या.

आता कपलर वितळतो, त्यात नवल काय न्हाई. जोड ढिल्ला पडला, पंखा फुल्लवर जास्त येळ चालला, की तापतो. पण पंढरीला दुसरंच दिसलं. त्यानं वर बघितलं. गरम-थंडचं बटन पार लालवर होतं. शेवटाला.

"मामा, म्हंजे हीटर?" 

हाव, हीटर. पंचशीला, तू विचारलंस तेच पंढरीनं नरसिंगला विचारलं.

"एप्रिलात हीटर कुणी लावला रे?"

नरसिंग पाण्याचा घोट घेऊन राहिला होता. घोट तसाच तोंडात राहिला.

"चुकून लागला आसंल," म्हणाला.

"चुकून लागला तर माणूस दोन मिनिटात बंद करतो. हा कपलर चार तास फुल्लवर चालल्यासारखा हाय. गाडी चालू ठेवून."

नरसिंग शेडाबाहेर जाऊन उभा राहिला. पंढरीनं पुढं विचारलं न्हाई. जळका कपलर कापला, जाड तार जोडली, नवा बसवला, थंड हवा चालू करून दाखवली. जुना तुकडा सवयीनं डब्यात टाकला. मागच्या सीटच्या पायाजवळ नायलॉन दोरीचा एक तुकडा पडलेला दिसला, तोबी त्यानं कचऱ्यात टाकला. तेव्हा त्याला काय ठाऊक.

मंगळवारी, एकोणीस तारखेला, जीप परत आली. रात्री साडेनऊला. नरसिंग एकटाच.

"परत तेच झालंय. पंखा बंद."

पंढरीला राग आला. त्याच्या हातचं काम तीन दिवसांत परत येत न्हाई. कप्पा काढला. नवा कपलर, नवी तार. पार गूळ. आन् बटन लालवर.

"नरसिंग, तुम्ही हीटर लावून काय करून राहिलात?"

"देवाशपथ, आम्ही हातबी लावला न्हाई. सकाळी गाडी उघडली तर... आसं."

पंढरीनं बटन निळ्यावर फिरवलं. इंजिन बंद, किल्ली काढून खिशात. जळका कपलर कापून वेगळा केला. आता पंख्याला करंट जायला रस्ताच न्हाई. मग तो परत उलटा आत शिरला. हातबॅटरीच्या उजेडात तारा सोलू लागला.

टक्.

त्यानं वर बघितलं. बटन निळ्यावरून हललं होतं.

टक्.

आणखी एक खूण. मग आणखी एक. कुणाचा हात न्हाई. बटन आपलं आपण, सावकाश, लालकडं. आन् पंख्याच्या जाळीतून हवा आली. त्याच्या तोंडावर. भट्टीचं दार उघडल्यागत.

तारा त्याच्या हातात होत्या. तुटलेल्या.

मग मागनं आवाज आला. मागच्या सीटवरनं. कुणीतरी टाचा आपटत होतं, दाराला, आतनं.

धप्... धप्... धप्...

पंढरी कसा बाहेर आला त्याला कळलं न्हाई. खांदा डॅशबोर्डला घासून रक्त निघालं. बाहेर नरसिंग मातीत बसला होता, दोन्ही कान दाबून.

"तुला ऐकू येतंय?" पंढरीनं विचारलं.

"रोज येतंय," नरसिंग म्हणाला. "चार रोज झाले. घरीबी येतंय."

आन् तिथंच, मातीत बसून, त्यानं सगळं सांगितलं.

ज्ञानोबा. फाट्यापासून दोन कोसावरच्या गावातला, ग्रामपंचायतीच्या टाकीचं पाणी सोडणारा माणूस. आपल्याच समाजाचा. चौदा एप्रिलला जयंतीसाठी वस्तीला एक टँकर लागणार, हे महिनाभर आधी ठरलेलं. लेकरं आंघोळ करून नवे कपडे घालणार, पाहुणे येणार, जेवण होणार. त्या दिवशी सकाळी टँकर वस्तीला न येता सरळ पुढं निघाला, शेषेरावच्या पुतण्याच्या लग्नाला. ज्ञानोबा रस्त्यात आडवा झाला. ड्रायव्हर थांबला, तसा यानं मागं जाऊन कॉक उघडला. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन धावल्या. अर्ध्या तासात टँकर रिकामा. जयंती झाली. लई चांगली झाली म्हणतात.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी दहाला शेषेराव आन् नरसिंगनं ज्ञानोबाला विहिरीवर गाठलं. टँकरचा रबरी पाइप असतो ना, जाड, त्याच्या तुकड्यानं मारलं. पाठीवर, पोटऱ्यांवर. मारून शेषेरावचा जीव भरला न्हाई. म्हणाला, "याला पाण्याची लई हौस हाय. बघू किती येळ दम काढतोय."

हात मागं बांधले. जीपच्या मागच्या सीटवर टाकलं. काचा बंद, लॉक बंद. इंजिन चालू. हीटर लालवर, पंखा फुल्ल. जीप उन्हात उभी केली आन् शेषेराव बाभळीखाली सावलीत बसला. जेवण मागवलं.

"पहिला तासभर तो शिव्या देत होता," नरसिंग म्हणाला. "मग लाथा घालत होता दाराला. मग पाणी मागत होता. मी दोनदा उठलो. मालक म्हणाला, बस खाली, न्हाईतर तूबी आत जाशील. मी बसलो. मग लाथा... हळू झाल्या. मग एकच यायची. मग..."

दोनच्या पुढं पंखा आपोआप बंद पडला. कपलर वितळला होता. दार उघडलं तेव्हा ज्ञानोबाच्या ओठांची साल निघाली होती आन् काचंवर कपाळाचं रक्त होतं.

दोऱ्या सोडून त्याला विहिरीच्या काठाला टाकला. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. उष्माघाताचा बळी. त्या साली रोज कुणीतरी असं मरत होतं. कुणाला नवल वाटलं न्हाई.

पंढरीनं नरसिंगला विचारलं, "हे मला कशाला सांगतोस? ठाण्यात जाऊन सांग."

"मला धाडस न्हाई."

"बसायला धाडस होतं?"

नरसिंग जीप तिथंच सोडून पायी अंधारात निघून गेला.

पंढरी रात्रभर जागा. बायको पाण्याच्या टंचाईनं माहेरी गेलेली, रेणापूरला. तो एकटा घराच्या दारात बसून शेडातल्या जीपकडं बघत राहिला. सकाळी शेषेरावचा दुसरा माणूस येऊन जीप घेऊन गेला, पंखा तसाच बंद. पंढरीनं डब्यातनं दोन्ही वितळलेले कपलर काढले, कागदात बांधले, सायकल काढली. दोन कोस गेला. ज्ञानोबाची बायको केवळाबाई दारात बसली होती. त्यानं कागद तिच्या पुढं ठेवला आन् काय त्याचा अर्थ ते सांगितलं.

ती रडली न्हाई. म्हणाली, "त्यांच्या मनगटाला वळ होते. मी सगळ्यांना दाखिवले. उन्हानं मेलेल्या माणसाच्या मनगटाला वळ कशाचे, हे मी इचारलं. कुणी बोललं न्हाई. भाऊ, तुम्ही पहिले."

शुक्रवारी, बावीस तारखेला, ती बाई ते कपलर घेऊन तालुक्याच्या ठाण्यात गेली. दुपारी गेली. संध्याकाळपर्यंत शेषेरावला कळलं होतं. कुणी कळवलं, ते कधी बाहेर आलं न्हाई.

त्या रात्री पुनव होती. सव्वाअकरा वाजता ती जीप पंढरीच्या शेडापुढं येऊन थांबली. शेषेराव एकटा, स्वतः चालवत. दारू प्यालेला न्हाई. पंढरी म्हणायचा, पिऊन आला असता तर बरं झालं असतं.

हातात चाकाचा लोखंडी पाना.

"पंढरीनाथ. त्या बाईला तू काय नेऊन दिलंस?"

पंढरी टेबलाला टेकून उभा होता. डावा हात टेबलावर.

"जे गाडीत निघालं ते."

पाना खाली आला. करंगळी आन् तिच्या शेजारचं बोट. पंढरीला आवाज आधी आला, दुखणं मागनं. वाळकी तुराटी मोडल्यागत आवाज. तो खाली बसला तशी पोटात लाथ. मग खांद्यावर पाना. मग बरगडीवर.

"आत्ताच्या आत्ता नवा बसव," शेषेराव म्हणाला. "सगळी वायरिंग नवी. जळकी एक तार राहिली न्हाई पाहिजे. उद्या पोलीस बघायला आले तर गाडी कोरी दिसली पाहिजे. मग तुझं बघतो."

एका हातानं पंढरी कामाला लागला. तोंडातनं रक्त, डावा हात सुपासारखा सुजलेला. डाव्या बाजूनं तो कप्प्याखाली शिरला. तिसऱ्यांदा तोच जळक्या प्लास्टिकचा वास. त्यानं तारा मुळापासून कापल्या, वीतभर तुकडा बाहेर ओढला आन् तो घेऊन टेबलाकडं गेला, नवा कपलर जोडायला. जाताना दार लोटलं.

शेषेराव घामानं निथळत होता. ड्रायव्हरच्या सीटवर बसला, काचा वरच होत्या, इंजिन चालू करून दिवे लावले, त्या उजेडात पंढरीवर नजर ठेवायला.

खट्.

चारी दारांचं लॉक पडलं.

पंढरीनं मान वर केली. शेषेराव हँडल ओढत होता. आधी चिडून. मग दोन हातांनी.

काचंतून डॅशबोर्डचा उजेड दिसत होता. बटन लालवर. शेषेरावचे केस उडत होते.

पंखा चालू होता. पंढरीनं हातातल्या तारांकडं बघितलं. वीतभर तुकडा. दोन्ही टोकं कापलेली.

मग त्याला शेषेरावची सीट दिसली. सीटची पाठ. ती पुढं फुगत होती. मागनं कुणीतरी गुडघे दाबतंय तशी. दोन उंचवटे... स्पष्ट. दोन गुडघे.

शेषेरावनं आरशात बघितलं.

तो ओरडला असणार. तोंड उघडलेलं दिसत होतं. आवाज बाहेर आला न्हाई. सीटचा पट्टा त्याच्या मनगटांभोवती फिरला... एकदा... दोनदा. हात मागं ओढले गेले. तो काचंवर डोकं आपटायला लागला. कपाळ फुटलं. काचंवर रक्त. परत डोकं. परत.

पाना टेबलाजवळ पडला होता. शेषेरावनंच टाकलेला.

पंढरीनं तो उचलला... उभा राहिला.

किती येळ, मला ठाऊक न्हाई. त्यालाबी ठाऊक न्हाई.

मग तो पुढं गेला आन् काचंवर पाना घातला. एकदा. काही न्हाई. दोनदा. मोडलेला हात पण लावला. तिसऱ्यांदा काच फुटली आन् आतली हवा बाहेर आली. पंढरीच्या भुवया जळाल्या, दंडाची कातडी सोलली. त्यानं आत हात घालून लॉक ओढलं, चाकूनं पट्टा कापला, शेषेरावला काखेत धरून मातीत ओढला. घागरीत चार तांबे पाणी राहिलं होतं दोन दिवसांचं. ते सगळं त्याच्यावर ओतलं.

पाणी अंगावर चर्र वाजलं.

शेषेराव गेला होता.

"काच कशाला फोडली पंढरीकाकानं?" पंचशीला, तुझा प्रश्न बरोबर हाय. मीबी हेच विचारलं. दवाखान्यात, त्याच्या खाटेजवळ. म्हटलं, तुझी बोटं मोडली त्यानं, ज्ञानोबाला तसा मारला, मरू द्यायचा होता.  पंढरी म्हणाला, "साहेबराव, ज्ञानोबाची काच कुणी फोडली न्हाई. तिथं दोघं बसून होते. मला तिसरा व्हायचं नव्हतं."

पहिल्यांदा पोलिसांनी पंढरीलाच धरलं. फुटलेली काच, रक्ताचा पाना, मेलेला माणूस. पण तिसऱ्या दिवशी नरसिंग स्वतः ठाण्यात येऊन उभा राहिला आन् बाभळीखालच्या त्या दिवसाचं सगळं बोलला. आपलं नाव धरून बोलला. डॉक्टरानं शेषेरावच्या कागदावर उष्माघात लिहिलं, येळ रात्रीची साडेअकरा. कोर्टात त्यावर लई खल झाला. केवळाबाईनं ठाण्यात नेलेले दोन कपलर पुराव्यात लागले. नरसिंगला शिक्षा झाली. पंढरी सुटला. बोटं वाकडीच राहिली, आता तो वायरिंगचं काम करत न्हाई.

इथं संपलं असतं तर मी तुम्हाला सांगितलंच नसतं. गाड्या तापतात, तारा आपसांत चिकटतात, मार खाल्लेल्या माणसाला काहीबाही दिसतं. एकतीस वर्षं मी तारांत काढली, प्रत्येक गोष्टीला मी कारण काढून देईन.

पण केस चालू असतानाच, पुढच्या साली, सतराच्या मे महिन्यात, बारा तारखेला, पंढरीला ती जीप ओळखायला ठाण्यात बोलावलं. मी बरोबर गेलो. दुपारचा एक. उन्हात उभं राहवत नव्हतं. ठाण्याच्या मागच्या आवारात जप्तीच्या गाड्या, त्यात ती जीप. टायर बसलेले. बॅटरी काढून नेलेली. ड्रायव्हरच्या बाजूची काच फुटलेली तशीच, आत चिमण्यांनी घाण केलेली. म्हंजे बंद गाडी न्हाई, वारा आत जातोय.

हवालदार दाखवायला आला, पण दहा पावलं लांबच थांबला. म्हणाला, "सही झाली की चला. मागच्या काचंकडं जाऊ नका."

मी गेलो.

मागची डावी काच शाबूत होती. बाहेरनं धुळीचा थर. आन् आतनं, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं येईल तिथं, वाफेचा एक डाग. तळहाताएवढा. मी बघत असताना तो लहान झाला. मोठा झाला. लहान झाला...

त्रेचाळीस डिग्रीत, वाळून खडखडीत झालेल्या हवेत, काचंवर वाफ धरत न्हाई.

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा.

वाटलं, माझाच श्वास असंल. काचंला तोंड लई जवळ होतं माझं. म्हणून मी मागं सरलो, तोंडावर हात दाबला, आन् श्वास धरून उभा राहिलो.

डाग मोठा झाला... लहान झाला... मोठा झाला...